हमरस्ता सोडल्यावर

कोल्हापूरहून बेळगावला जाणाऱ्या प्रवाशाला आज वाटेत कोठे थांबण्याचे कारण उरलेले नाही. पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर गाडी लागली की दोन-अडीच तासांत प्रवास संपतो. कागल मागे पडते, निपाणीची पाटी येते आणि जाते, तवंदीचा घाट चढून गाडी संकेश्वराकडे धावू लागते आणि पाहता पाहता बेळगाव येते. सहलीसाठी निघालेली मंडळी पन्हाळा पाहतात, गोकाकचा धबधबा पाहतात, आंबोलीचे धुके पाहतात आणि पुढे गोव्याचा समुद्र गाठतात. मधली गावे ही त्यांच्या लेखी केवळ पाट्यांवरची नावे असतात.

गाव लहान आहे, तेव्हा त्याचा इतिहासही लहानच असणार, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुस्थिती पुष्कळदा याच्या उलट असते. गावे लहान जन्मतात असे नाही. अनेक गावे लहान होतात. एखादा घाट, एखादा नदीचा उतार, एखाद्या राजधानीकडे जाणारी वाट यांच्या आधाराने गाव मोठे होते. ती वाट बदलली की व्यापारी जातो, त्याच्यामागून कारागीर जातो, अधिकारी जातो, आणि मागे राहतात ती दगडी देवळे, घुमट, वाडे आणि शिलालेख. म्हणून अशा गावाला भेट देताना प्रवाशाने दोन प्रश्न मनाशी बाळगावेत. येथे पूर्वी कोणती वाट येत होती? आणि ती पुढे कोठे गेली? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधीत गेले तर बेळगाव-निपाणीच्या परिसरातील आडगावे एकामागून एक बोलू लागतात.

एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेणे इष्ट. हा मुलूख आज दोन राज्यांत विभागलेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, आणि त्याच जिल्ह्यातील चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. या सीमेविषयीचा महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातील वाद महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. त्या वादाचा निवाडा करणे हे येथे प्रयोजन नाही. परंतु येथील जुने दगड ज्यांनी कोरले त्यांना ही रेषा ठाऊक नव्हती, एवढे भान ठेवल्यावाचून ही गावे नीट कळत नाहीत. रेषेच्या एकाच बाजूला उभे राहून पाहणाऱ्याला अर्धेच चित्र दिसते.

कालक्रमाने पाहावयाचे तर पहिला मान हलशीचा. बेळगावच्या दक्षिणेस खानापूर, आणि खानापूरपासून सुमारे १४ किलोमीटरवर झाडीच्या कडेला हलशी हे खेडे आहे. आज तेथे शेती करणारी वस्ती, थोडी दुकाने आणि येणारी-जाणारी बस एवढाच व्यवहार दिसतो. परंतु पाचव्या शतकात याच ठिकाणाचे नाव पलाशिका असे होते. बनवासीच्या कदंब राजांची ती दुसरी राजधानी होती. एकोणिसाव्या शतकात गावाजवळील चक्रतीर्थ नावाच्या विहिरीलगतच्या टेकाडात कदंबांचे ताम्रपट सापडले. प्राच्यविद्यापंडित जे. एफ. फ्लीट यांनी ते वाचून प्रसिद्ध केले, तेव्हा या खेड्याची खरी योग्यता जगाला कळली.

त्या ताम्रपटांतील मजकूर आजच्या वाचकालाही विचार करावयास लावील असा आहे. काकुत्स्थवर्मा हा राजा श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीला जमीन देतो. मृगेशवर्मा आपल्या पित्याच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधतो, आणि यापनीय, निर्ग्रंथ व कूर्चक अशा तीन निरनिराळ्या पंथांच्या साधूंसाठी भूमी दान करतो. त्याचा पुत्र रविवर्मा कार्तिक महिन्यातील जिनपूजेच्या उत्सवाची आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधूंच्या भोजनाची व्यवस्था लावून देतो. हे राजे स्वतः वैदिक परंपरेचा अभिमान बाळगणारे होते. तरी दुसऱ्याच्या धर्मकार्यासाठी जमीन तोडून देण्यात त्यांना काही विपरीत वाटले नाही. पंधराशे वर्षांपूर्वीचा हा व्यवहार तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला आहे. तो कोणा कवीची कल्पना नव्हे.

हलशीचे जे मोठे देऊळ आज उभे आहे ते मात्र पुढच्या काळातले, गोव्याच्या कदंबांचे. भूवराह नरसिंह या नावाने ते ओळखले जाते. एकाच मंडपाच्या दोन टोकांना समोरासमोर दोन गर्भगृहे, एकात नरसिंह आणि दुसऱ्यात पृथ्वीला उचलून धरणारा वराह, अशी त्याची रचना आहे. शिवचित्त पेर्माडी आणि विजयादित्य या दोघा भावांच्या राजवटीत, म्हणजे बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, हे काम झाले. विजयादित्याच्या काळातील वराहाच्या प्रतिष्ठेचे साल ११८६-८७ असे शिलालेखावरून निघते. गोव्याच्या बंदरातून निघालेला माल सह्याद्रीचे घाट चढून ज्या पठारावर येई, त्या पठाराच्या तोंडाशी हलशी आहे. समुद्र आणि देश या दोहोंवर सत्ता असणाऱ्या राजांना हे ठाणे मोलाचे वाटले, ते याचसाठी.

मग हलशी खेडे का झाली? कदंबांचे राज्य लयास गेले हे एक कारण. घाटवाटांचा व्यापार मात्र त्यानंतरही कित्येक शतके चालू होता, आणि त्याचा लाभ हलशीजवळच्याच नंदगडच्या पेठेला मिळत राहिला. मीठ, नारळ, सुपारी घाटावर येई आणि धान्य खाली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मुरगावच्या बंदरापासून कॅसलरॉक आणि लोंढ्यापर्यंत आगगाडी आली, आणि लोंढ्याहून खानापूर, बेळगाव, मिरज असा लोहमार्ग झाला. बैलांच्या पाठीवरचा माल आगगाडीच्या डब्यात गेला. नंदगडचे नाव आज बहुतेकांना आठवते ते वेगळ्या कारणाने. कित्तूरची राणी चेन्नम्मा हिचा विश्वासू वीर संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी येथेच फासावर चढविले. त्याच्या समाधीच्या दर्शनाला लोक येतात. तेथून हलशी जवळच आहे, पण तेवढी वाकडी वाट करणारे थोडे.

हलशीनंतर बेळगाव. जिल्ह्याचे हे शहर अपरिचित आहे असे कोण म्हणेल? २०१४ पासून त्याचे सरकारी नाव बेळगावी असे झाले. महात्मा गांधी काँग्रेसच्या ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष होते, ते १९२४चे अधिवेशन येथेच भरले, हेही शाळेतल्या मुलांना ठाऊक असते. परंतु शहराच्या पोटात जो जुना किल्ला आहे, त्यातील कमल बसदीपर्यंत जाणारा बेळगावकरही विरळा. सौंदत्तीच्या रट्ट वंशातील राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली ही बसदी बांधविली. मंडपाच्या छतात दगडाचे एक प्रचंड कमळ उलटे लोंबत असल्यासारखे कोरले आहे. त्यावरून बसदीला हे नाव पडले. बेळगावचे त्या वेळचे नाव वेणुग्राम. आपली राजधानी रट्टांनी पुढे सौंदत्तीहून येथेच आणली.

या बसदीसाठी जी दाने दिली गेली, त्यांचे दोन शिलालेख किल्ल्यात होते. वेणुग्रामच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर व्यापाऱ्यांनी आपण होऊन देवस्थानासाठी काय द्यावयाचे, याचा तपशील त्यांत आहे. स्थानिक व्यापाऱ्यांबरोबर लाट देशाचे, म्हणजे गुजरातचे, आणि मलयाळ देशाचे व्यापारीही त्यांत उल्लेखिले आहेत. आठशे वर्षांपूर्वी बेळगावच्या पेठेत कोणकोणत्या भाषा कानी पडत असतील याची कल्पना यावरून करता येते. ते दोन्ही दगड मात्र आज बेळगावात नाहीत. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बसदी येथे आणि तिचे दानपत्र सातासमुद्रापलीकडे, अशी ही ताटातूट आहे.

ताटातुटीचा याहून निराळा प्रकार पाहावयाचा असेल तर बेळगाव सोडून उत्तरेला कृष्णाकाठी जावे लागेल. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या वळणावर, महाराष्ट्राच्या अगदी टोकाला खिद्रापूर आहे. तेथील कोपेश्वराचे देऊळ शिलाहार आणि यादव राजांच्या काळातले. देवळाच्या पुढे जो स्वर्गमंडप आहे त्याच्या छताला मध्यभागी वर्तुळाकार मोकळी जागा ठेवलेली आहे. खाली तेवढ्याच आकाराची गोल शिळा, भोवती खांबांची वर्तुळे आणि वर उघडे आकाश! एकंदर ४८ खांबांचा हा मंडप आहे. देवळाच्या बाहेरच्या अंगाने पीठावर हत्तींची ओळ आहे. सगळे देऊळ जणू त्यांच्या पाठीवर तोललेले आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री दिव्यांच्या आणि चंद्राच्या प्रकाशात हा मंडप पाहण्यासाठी लोटणारी गर्दी अलीकडे वाढली आहे. वर्षाचे इतर दिवस मात्र देऊळ पुष्कळसे एकटेच असते.

शिवाच्या देवळात नंदी हवाच. कोपेश्वरापुढे तो नाही. तो कृष्णेपलीकडे, चिकोडी तालुक्यातील येडूर या गावी आहे, असे तेथील लोक सांगतात. कथा अशी आहे की, दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली. तो यज्ञ येडूरला झाला. सतीने देह ठेवल्याचे कळताच शंकर कोपला. त्याची समजूत घालण्यासाठी विष्णू आला. म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर अशी दोन लिंगे, आणि नंदी मात्र गेला तो गेलाच. येडूरला वीरभद्राचे मोठे देवस्थान आहे, तेही याच कथेला धरून. पुराणातील कथा ऐतिहासिक पुरावा म्हणून कोणी घेणार नाही. परंतु नदीच्या दोन्ही काठांवरील माणसे एकच गोष्ट शतकानुशतके सांगत आली, हा काही लहान पुरावा नव्हे. आज देव महाराष्ट्रात आणि त्याचा नंदी कर्नाटकात आहे. दोघांचे दर्शन घेतल्यावाचून कथा पुरी होत नाही, आणि प्रवासही.

खिद्रापूरच्या शिलालेखांविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. देवळाच्या दक्षिण दारापाशी यादव राजा सिंघण याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा लेख आहे. तो संस्कृत भाषेत व देवनागरी लिपीत आहे. देवळातील बाकीचे बहुतेक लेख मात्र जुन्या कन्नड भाषेतले आहेत. हे गाव आज महाराष्ट्रात आहे. आता उलट बाजूचे उदाहरण पाहा. बेळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागात मलप्रभेकाठी गुर्लहोसूर नावाचे गाव आहे. भोवतालचा सगळा मुलूख कन्नड बोलणारा. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली या गावी जन्मले. ज्यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढून पुढे एक मोठा उद्योग उभारला, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्मही तेथलाच. मराठी नाट्यगृहात आजही ज्यांच्या तसबिरीला हार घातला जातो त्यांचे जन्मगाव कोणते, असे विचारले तर किती जणांना सांगता येईल? कन्नड लेख महाराष्ट्रात आणि मराठी नाटककाराचे गाव कर्नाटकात. एकमेकांना छेद देणाऱ्या या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की या मुलखाचा स्वभाव लक्षात येतो. दोन भाषांची सरमिसळ ही येथे अलीकडची अडचण नसून फार जुनी वहिवाट आहे.

सोळाव्या आणि सतराव्या शतकांत या मुलखाचे मुख विजापूरकडे वळले. कोकणची बंदरे आणि आदिलशाहीची राजधानी यांना जोडणाऱ्या वाटा येथून जात. त्या वाटांवरची दोन गावे म्हणजे रायबाग आणि हुक्केरी. रायबाग त्याहूनही जुने. रट्टांच्या वेळचा जैन लेख तेथे आहे. पण त्याची भरभराट झाली ती आदिलशाहीत. राजापूरच्या बंदरावर ज्यांची नजर होती त्या इंग्रज वखारवाल्यांच्या सतराव्या शतकातील पत्रव्यवहारात रायबागचे नाव येते. घाटावरच्या व्यापारात ही पेठ त्यांना टाळता येण्यासारखी नव्हती. १६८६ साली विजापूर मोगलांच्या हाती पडले. राजधानीच उरली नाही, तेव्हा तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या पेठेला कोण विचारणार? रायबाग पुढे करवीर संस्थानात गेले, संस्थान विलीन झाल्यावर बेळगाव जिल्ह्यात आले आणि आज ते तालुक्याचे एक शांत ठिकाण आहे.

हुक्केरीची कथा याच वळणाची. महामार्गावरील संकेश्वरपासून पूर्वेला सुमारे १५ किलोमीटर गेले की हे गाव लागते. गावात आदिलशाही धाटणीचे भक्कम दगडी घुमट आहेत. विजापूरचा गोल घुमट पाहावयास सहली जातात. त्याच घराण्याचे, त्याच्या आधीचे हे घुमट मात्र महामार्गावरून वळायला पुरते अर्धा तासही लागत नाही इतके जवळ असून पाहिले जात नाहीत. मोठ्या वास्तूपूर्वी कारागिरांचा हात कसा बसत गेला, कमान कशी उचलली, घुमटाचा भार चौकोनी भिंतींवर कसा उतरविला, हे समजून घ्यावयाचे तर राजधानीपेक्षा अशी लहान ठिकाणे अधिक उपयोगी पडतात. तेथे गर्दी नसते, आणि इमारत डोळ्यांच्या आवाक्यात मावते. वाटेतील संकेश्वरही केवळ बस बदलण्याचे ठिकाण नव्हे. हिरण्यकेशीच्या काठी वसलेल्या या गावी शंकराचार्यांचे पीठ आहे, आणि जवळच हरगापूरचा वल्लभगड आहे.

आता राहिली निपाणी. हिची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे, कारण येथे वाट येऊन गावाला सोडून गेली नाही. गावाने दरवेळी नवी वाट धरली. पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत निपाणीकर सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर हे सरदार या भागात प्रबळ झाले. दुसऱ्या बाजीरावाकडून त्यांना सरलष्कर हा किताब होता. चिकोडी आणि मनोळी या परगण्यांसाठी त्यांनी करवीरकरांशी दीर्घकाळ झुंज घेतली. १८३९ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर औरस पुरुष वारस नसल्यामुळे त्यांची जहागीर इंग्रजांनी खालसा केली. दुसरे एखादे गाव एवढ्यावर निजले असते. निपाणीला तंबाखूने सावरले. वेदगंगा आणि दूधगंगा यांच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत विडीचा तंबाखू उत्तम येतो. त्याची खरेदी-विक्री निपाणीत होऊ लागली. वखारी उभ्या राहिल्या, अडते-व्यापारी आले, आणि त्या वखारींत तंबाखू चाळणाऱ्या व घरोघरी विड्या वळणाऱ्या बायकांच्या कष्टावर ही पेठ चालू लागली. लोहमार्ग पूर्वेकडून मिरजेला गेला. निपाणीला आगगाडी कधी आली नाही. तरी पेठ टिकली.

वाड्यावस्तीचा इतिहास एवढाच निपाणीचा इतिहास नव्हे. १९२५ साली एप्रिल महिन्यात मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद निपाणीत भरली, तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९८१ साली मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूला योग्य भाव मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली याच हमरस्त्यावर तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडले. ६ एप्रिल रोजी पोलिसांनी आंदोलकांना हटविले, त्या वेळी झालेल्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. एरवी क्षणभरही न थांबणारी वाहने त्या दिवसांत निपाणीने थांबविली होती. आज त्याच ठिकाणावरून जाणाऱ्या प्रवाशाला याचा मागमूसही लागत नाही.

निपाणीत सीमेची रेषा कशी आहे, हे पाहावयाचे तर देवचंद महाविद्यालयाकडे जावे. निपाणीची मुले या महाविद्यालयात शिकतात. महाविद्यालय ज्या अर्जुननगरात आहे ते महाराष्ट्रातील कागल तालुक्यात पडते, आणि निपाणी कर्नाटकात. सकाळी वर्गात जाताना विद्यार्थी राज्य ओलांडतात व दुपारी घरी परतताना पुन्हा ओलांडतात. नकाशावर जाड शाईने काढलेली रेषा माणसांच्या पायाखाली किती पातळ असते, याचा हा रोजचा धडा आहे. चामड्याच्या चपलांचेही तसेच. कोल्हापुरी चप्पल म्हणून जगभर जी ओळखली जाते, ती अथणी आणि निपाणीच्या भागातील कारागीरही पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. म्हणूनच २०१९ साली तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून.

या गावांना भेट द्यावयाची तर कशी? दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात खानापूरकडे झड लागते आणि कृष्णाकाठी पुराची भीती असते. २०१९च्या महापुरात खिद्रापूरला पाण्याने वेढले होते. एका दिवसात पाच गावे उरकण्याचा मोह टाळावा. हलशी आणि नंदगड एक दिवस, संकेश्वर आणि हुक्केरी एक दिवस, खिद्रापूर आणि येडूर एक दिवस, असे वाटप केले तर पाहणे होते; नाही तर नुसते पोचणे होते. दोन्ही राज्यांच्या बसगाड्या मोठ्या गावांपर्यंत जातात. आतल्या गावांसाठी वाहन ठरवावे लागते. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत नमस्कार आणि पाणी मागण्यापुरते शब्द येत असले तर दारे लवकर उघडतात. देवळाची किल्ली कोणाकडे असते, उत्सव केव्हा असतो, पडक्या भिंतीचे दगड कोठे गेले, हे गावातील वृद्धांना विचारावे. पुस्तकात जे सापडत नाही ते पुष्कळदा पारावर सापडते.

काही पथ्येही आहेत. शिलालेख वाचता यावा म्हणून त्यावर खडू, कोळसा किंवा तेल चोळण्याची वाईट खोड अनेकांना असते. त्याने अक्षरे उठून दिसतात खरी, पण दगडाची हानी होते. छायाचित्र घ्यावयाचे तर ऊन तिरपे असताना, सकाळी किंवा सायंकाळी घ्यावे. अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि लेख आपोआप वाचता येतो. मूर्तीला रंग फासणे, कोरीव भिंतीला चुना देणे, ही कामे गावकरी भक्तीने करतात. त्यांना चारचौघांत दोष देऊ नये. बाहेरची माणसे हे कोरीव काम पाहण्यासाठी मुद्दाम येतात, हे गावाला दिसले की चुन्याची बादली आपोआप बाजूला राहते. उपदेशापेक्षा येण्याजाण्याचा परिणाम अधिक होतो.

आणि खरा प्रश्न तोच आहे. जी वास्तू कोणी पाहत नाही, तिच्या वतीने बोलणारेही कोणी उरत नाही. रस्ता रुंद करावयाचा ठरला की तिची भिंत आडवी येते. कोणाला गोठ्याला पायरी हवी असली की वीरगळ उपयोगी पडतो. पुरातत्त्व खात्याची पाटी लागली म्हणजे सर्व काही सुरक्षित झाले असे होत नाही. खात्याचा माणूस एक, गावे अनेक. परंतु महिन्याकाठी एखाद्या शाळेची सहल जरी हलशीला किंवा हुक्केरीला गेली, मुलांनी शिक्षकांबरोबर दगडावरची अक्षरे निरखली, चहाच्या दुकानदाराचे चार पैसे झाले, तर त्या वास्तूला गावातच राखणदार मिळतात. खर्चही फार नाही. दूरच्या सहलीला लागणारा पैसा आणि वेळ यांच्या अंशमात्रात हे घडण्याजोगे आहे. सीमेच्या अलीकडील शाळांनी पलीकडे आणि पलीकडील शाळांनी अलीकडे यावे, मराठी मुलांनी खिद्रापूरचे कन्नड लेख आणि कन्नड मुलांनी गुर्लहोसूरच्या मराठी नाटककाराचे घराणे समजून घ्यावे, तर शेजाऱ्याविषयी वर्तमानपत्रातून जे कळते त्याहून अधिक काही त्यांना कळेल.

बेळगावच्या किल्ल्यातील दानपत्र वाचावयाचे तर लंडनला जावे लागते, नाही तर त्याच्या छापील प्रतीवर भागवावे लागते. खिद्रापूरचा सिंघणाचा लेख मात्र ज्या दाराशी कोरला त्याच दाराशी अजून आहे. कोल्हापूरहून तेथे पोचावयास दीड-दोन तास पुरतात.